दाजी फोनवर हजर होते

आमचे दाजी एकटे जेवायला बसले आहेत, हे दृश्य पाहिलेला माणूस त्या वेळच्या बंगलोरात शोधूनही सापडला नसता. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांच्या ताटाशेजारी परक्या माणसाचं ताट नसेल तर त्यांना घास उतरत नसे. शेजारी ताईचं ताट असलं तरी ते त्यांच्या लेखी नसल्यासारखंच, कारण ताई घरची. ताट वाढलेलं असताना ते बनशंकरीच्या आपल्या घराच्या फाटकापाशी जाऊन उभे राहत आणि रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघत. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला वाटलं, ते कावळ्याची वाट बघताहेत. ते माणसाची वाट बघत होते. आणि गंमत अशी की माणूस यायचा. पाठीवर बॅग, हातात पत्त्याचा कागद, चेहऱ्यावर घाम, असा कुणीतरी त्या रस्त्याने चुकून यायचाच, आणि दाजी त्याला लग्नघरातल्या यजमानासारखे हाताला धरून आत आणायचे.

दाजींचं घराणं बंगलोरात शहाजीराजांच्या काळापासून. इतक्या पिढ्यांत त्यांच्या मराठीत कन्नड असं मुरलं होतं की कुठलं कुठे संपतं ते कळत नसे. 'थोडं' हा शब्द त्यांना ठाऊक होता, पण तोंडात 'स्वल्प'च यायचं. होकाराला 'सरी' आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक 'की'. स्वतःच्या मराठीची त्यांना लाज नव्हती, पण पुण्यामुंबईकडचं मराठी कानावर पडलं की ते विरघळत. ताईला बघायला आले तेव्हा तिने चहा देताना "साखर बेताचीच घातलीये, आणखी देऊ का?" असं विचारलं. दाजी मला पुढे सांगायचे, "ते 'बेताचीच' ऐकलं आणि मी तिथेच सरी म्हणालो. चेहरा नंतर बघितला." बंगलोरात तेव्हा संगणकाच्या कंपन्या नव्याने निघत होत्या. पुणे, मुंबई, नागपूरकडची मुलं नोकरीसाठी उतरत होती. दाजी एका सरकारी कारखान्यात इंजिनियर होते. कामावरून घरी येताना बसमध्ये कुणी मराठी बोललं की ते आपला स्टॉप सोडून त्याच्या स्टॉपवर उतरत आणि विचारत, "राहायचं कुठे ठरलंय?" ठरलं नसेल तर प्रश्नच नव्हता. ठरलं असलं तरी फारसा फरक पडत नसे. एकदा त्यांनी बसमधून एका सद्गृहस्थांना उचलून आणलं. ते बिचारे पहिल्यापासून काहीतरी सांगू बघत होते. जेवण झाल्यावर, ताक पिऊन झाल्यावर, त्यांना बोलायची संधी मिळाली. ते बंगलोरात कितीतरी वर्षं राहत होते, मल्लेश्वरममध्ये त्यांचं स्वतःचं घर होतं आणि बायको जेवायची थांबली होती. दाजी जराही ओशाळले नाहीत. म्हणाले, "मग वहिनींना पण आणायचं होतं की."

मी स्वतः नोकरीला लागलो तेव्हा लग्न होईपर्यंत त्यांच्याकडेच होतो, त्यामुळे हा सगळा कारभार मी आतून पाहिला. गाद्या कायम भिंतीला उभ्या केलेल्या. न्हाणीघरासमोर सकाळी रांग. चार दिवसांसाठी आलेला मुलगा सहा महिने राही, आणि गेला की आपला भाऊ पाठवून देई. मी एकदा दाजींना विचारलं की हे सगळं कशासाठी. त्यांनी गंभीरपणे सांगितलं, "आमचा पहिला पुरुष घोड्यावरनं इथे आला, तेव्हा त्याला भाषा येत होती का? नाही. कुणाच्या तरी ओसरीवर तो झोपलाच असेल की. त्या माणसाचं नाव आम्हाला माहीत नाही. मग त्याचे उपकार परत कुणाला करायचे?" सुरुवातीला तर ताईला हे आवडायचंच. नव्या गावात आपल्या भाषेतली माणसं घरी येताहेत, हसताहेत, आईच्या आठवणीने तिच्या हातचं वरण पुन्हा मागताहेत, यात तिला सुख होतं. पण माणसं येतच राहिली. ताई-दाजींना मूलबाळ झालं नाही, तेव्हा नातेवाईक म्हणायचे की बरं आहे, घर तरी भरलेलं आहे. ताई तेवढ्यावर हसून उठून जायची. एकदा, कितीतरी वर्षांनी, दोघं फिरायला म्हणून म्हैसूरला निघाली. ताईने नवी साडी नेसली होती. दोन दिवसांनी मी त्यांना आणायला स्टेशनवर गेलो तर गाडीतून दाजी उतरले, त्यांच्या मागून लातूरकडचं एक कुटुंब त्यांच्या आजीसकट उतरलं, आणि सगळ्यांत शेवटी, आजीची पिशवी घेऊन, ताई. मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "राजवाडा छान आहे."

त्यानंतर वर्षभरात आमची आई गेली. मी आणि ताई पुण्याच्या घरी गेलो. दाजींना येऊन लगेच परतावं लागलं, कारखान्यात काही अडचण होती. दिवसकार्य उरकून आम्ही दोघं एका सकाळी बंगलोरला परतलो. घरी जाऊन पडते, एवढंच ताई रिक्षात म्हणाली. मी तिच्याबरोबर दारापर्यंत गेलो. तिने बेल वाजवली. दार एका अनोळखी मुलीने उघडलं. हातात हिरवा चुडा, केस ओले. ती ताईच्याच चहाच्या कपातून चहा पीत होती. तिने आम्हाला आपादमस्तक न्याहाळलं आणि अगदी अदबीने विचारलं, "कोण हवंय आपल्याला?"

ती मुलगी वाईट नव्हती. नुकतंच लग्न झालेलं जोडपं, घर मिळेना म्हणून दाजींनी आणलेलं, आणि नवं जोडपं म्हणून ताईची खोली त्यांना दिलेली. दाजी दूध आणायला गेले होते. ते आले, ताईला बघून त्यांना खरोखर आनंद झाला. म्हणाले, "बघ, घर रिकामं नको वाटायला तुला, म्हणून." ती रात्र ताईने बाहेरच्या खोलीत काढली. सकाळी सगळ्यांसाठी चहा केला, भांडी घासून पालथी घातली आणि न उघडलेली तीच बॅग घेऊन पुण्याला परत गेली.

पुण्याहून तिने मला कळवलं की तिला वेगळं व्हायचंय. तिच्या वकिलांनी सुचवलं की कोर्टात जाण्याआधी एकदा मध्यस्थापुढे बोलून बघा. मध्यस्थ म्हणजे पुण्यातल्याच एक वयस्क बाई, पूर्वी वकिली केलेल्या. अशी भांडणं समोरासमोर बसवून मिटवण्यात त्यांचा हातखंडा होता. बैठकीचा दिवस ठरला. दाजी रजा टाकून निघाले. मी त्यांना गाडीत बसवून दिलं. बाईंच्या दिवाणखान्यात ताई दिवसभर बसून राहिली. दाजी दुसऱ्या दिवशी उगवले, तेही चप्पल एका पायात निराळी घालून. गाडीत एक म्हातारे गृहस्थ होते, ते सोलापूरला उतरले, त्यांना न्यायला कुणी आलं नव्हतं, म्हणून दाजीही उतरले, त्यांना घरी पोहोचवलं आणि निघताना त्यांच्या दारातली एक चप्पल पायात घालून आले. बाईंनी संतापून नवी तारीख दिली. तेव्हा ताईच म्हणाली, "बोलावू नका त्यांना. फोनवरच घ्या. फोनवरून ते कुठे उतरायचे नाहीत."

असं ते ठरलं. दाजींच्या घरी फोन होता, पण तिथे शांतपणे बोलायला मोकळा कोपरा कुठला? म्हणून दर शनिवारी दुपारी ते मल्लेश्वरमला आमच्याकडे येऊन बसू लागले. पुण्याहून बाईंचा फोन येई. बाईंच्या टेबलावर सगळ्यांना ऐकू जाईल असा फोन होता. आमच्याकडे तसा नव्हता, पण बाईंचा आवाज असा की दाजी रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरत, आणि तरी तो आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येई. पहिल्या शनिवारी दाजी कोट आणि टाय घालून आले. माझ्या बायकोने सांगून पाहिलं, "दाजी, त्यांना दिसणार नाहीये."

"मला दिसतंय की," दाजी म्हणाले.

फोन वाजला. बाईंनी नमस्कार म्हणताच दाजी उठून उभे राहिले आणि पूर्ण वेळ उभेच राहिले. बाईंनी ताईची बाजू वाचून दाखवली. दाजी प्रत्येक मुद्द्याला मान हलवत होते. शेवटी बाई म्हणाल्या, "अहो, ऐकताय ना? काहीच बोलत नाही तुम्ही."

"ऐकतोय की. होय होय म्हणतोय."

"आता तुमची बाजू सांगा."

दाजी गोंधळले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "माझी कसली बाजू? ती सांगते तसंच झालंय."

"मग तुम्हाला काही म्हणायचं आहे की नाही?"

"आहे की. ती जेवली का, स्वल्प विचारा."

बाईंच्या उभ्या वकिलीत अशी बाजू कुणी मांडली नसावी. मग लांबून ताईचा आवाज आला, "जेवले म्हणावं."

पुढचे काही शनिवार संसारातल्या वस्तूंवर गेले. नवराबायको वस्तूंसाठी भांडतात, ते थांबवायची बाईंना सवय. इथे भांडण होतं ते दुसऱ्यानेच न्यावं म्हणून. दाजी म्हणत, कपाट तिला द्या, शिवणयंत्र तिला द्या, देवसुद्धा तिलाच द्या, पूजा तीच करायची. ताई म्हणे, मला काही नको. दाजी म्हणाले, मग पितळेचं मोठं पातेलं तरी ने, तुझ्या आईने दिलंय. "ते तिथेच राहू दे," ताई म्हणाली, "त्यांना लागेल." बाई बहुधा लिहून घेत होत्या, कारण त्यांनी विचारलं, "कुणाला लागेल?" एका शनिवारी तर कहर झाला. बोलणं संपता संपता बाईंच्या तोंडून निघून गेलं की त्यांचा भाचा पुढच्या महिन्यात बंगलोरला नोकरीवर रुजू होतोय. दाजींचा चेहरा उजळला. गाडी किती वाजता येते, कुठल्या दाराने बाहेर पडायचं, कुठली बस घ्यायची, हे त्यांनी सविस्तर सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "नाहीतर असं करा, मीच येतो की स्टेशनवर." मी डोक्याला हात लावला. पुण्याच्या बाजूने हसू ऐकू आलं. ताई हसत होती. खूप वर्षांनी मी तिला तसं हसताना ऐकलं. दाजी रिसीव्हर कानाला घट्ट लावून उभे होते. ते हसणं हळूहळू बदलत गेलं असणार, कारण दाजींनी डोळे मिटले, आणि बाईंनी त्या दिवशी फोन लवकर ठेवला.

पण त्या हसण्यामुळेच बाईंना आशा वाटली. पुढच्या वेळी त्यांनी तोडगा काढला. दिवाळीपर्यंत दाजींनी घरात कुणालाही ठेवून घ्यायचं नाही. तेवढं जमलं तर ताई परत येऊन बघेल. ताई हो म्हणाली. दाजी तर "सरी, सरी" असं कितीदा म्हणाले कोण जाणे.

आणि त्यांनी खरोखर प्रयत्न केला. घरात होती त्या मुलांना त्यांनी स्वतः हिंडून खोल्या बघून दिल्या. गाद्या माळ्यावर टाकल्या. मी एका रविवारी गेलो तर घर इतकं मोठं दिसलं की मला ओळखू येईना. दाजी कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. म्हणाले, "अरे, या घराला पाच खिडक्या आहेत." जेवायच्या वेळी ते फाटकापाशी जात नसत. ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून बसत, पटापट जेवत. बसमध्ये कानात कापूस घालत. मराठी ऐकूच यायला नको, असा त्यांचा विचार. त्यामुळे कंडक्टरचंही ऐकू येत नसे आणि ते भलतीकडे जाऊन पोहोचत, पण एकटे पोहोचत. माझ्या बायकोला त्यांची दया यायची. ती म्हणायची, "एखाद्या माणसाला गाणं बंद करायला सांगावं तसं केलंय हे." दाजी मात्र दिवस मोजत होते आणि खूश होते. त्यांनी ताईच्या खोलीला रंग दिला. दिवाळी तोंडावर आली तेव्हा तिच्यासाठी साडी घ्यायला ते चिकपेटच्या बाजारात गेले. साडी बघायला कानातला कापूस कशाला, म्हणून तो काढून ठेवला.

दुकानाच्या पायरीवर एक बाई लहान मुलीला घेऊन बसली होती. ती रडत नव्हती, मुलीशी बोलत होती, आणि मराठीत बोलत होती. सोलापूरकडचा कापडाचा छोटा व्यापारी माल घ्यायला बायकोमुलीसह आला होता. चिकपेटच्या गर्दीत चालता चालता त्याला चक्कर आली, लोकांनी इस्पितळात नेलं. तिथे रात्री बायकांना थांबू देत नव्हते. लॉज तिला सापडेना आणि भाषा येईना. दाजी, त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, तिला ओलांडून दुकानात गेले. साडी बघितली. रंग पसंत केला. पैसे देऊन बाहेर आले. ती तिथेच होती. ते रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत गेले. आणि परत आले.

त्या शनिवारी ते आमच्याकडे आले तेव्हा कोट नव्हता. त्यांनी आम्हाला सगळं सांगितलं. माझी बायको पटकन म्हणाली, "दाजी, त्या दोघी चार दिवसांत जातील. फोनवर बोलू नका हे. ताईंना कळणार कसं?" मीही तेच म्हणालो. दाजी आमच्याकडे बघत राहिले, जणू आम्ही कन्नड आणि मराठी सोडून तिसऱ्याच भाषेत बोलत होतो.

फोन आला. बाई प्रसन्न आवाजात म्हणाल्या, "मग, ठरल्याप्रमाणे सगळं ठीक?"

"नाही," दाजी म्हणाले, आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. साडीसुद्धा सांगितली.

बाई काही बोलणार इतक्यात ताई मध्ये बोलली. फोनच्या जवळ आली असावी, कारण तिचा आवाज स्वच्छ येत होता. "त्या बाईंचा नवरा कसा आहे आता?"

"बरा आहे. परवा सोडतील."

"मुलगी लहान आहे?"

"असेल चार-पाचची. रात्री स्वल्प घाबरते."

"माझ्या खोलीत निजवा त्यांना. तिथे रस्त्याचा उजेड येतो, म्हणजे घाबरणार नाही." मग म्हणाली, "अहो, तुम्ही चुकलात असं मला म्हणता येत नाही. मी तिथे असते तर मीही म्हणाले असते, आणा. पण उद्या दुसरं कुणी असेल. मला तिथे नाही राहता यायचं. मी थकले हो."

दाजी म्हणाले, "सरी." मग त्यांना वाटलं असावं की हे पुरेसं नाही. म्हणाले, "तू बरोबर आहेस. मी सही करतो."

त्यावर बाई काय म्हणाल्या, ते पहिल्यांदाच आम्हाला ऐकू आलं नाही. दाजींनी रिसीव्हर जागेवर ठेवला. माझी बायको पोहे घेऊन आली. ते त्यांनी खाल्ले, आणि छान झाल्याचं सांगून, घरी दोघी जेवायच्या थांबल्या असतील म्हणून निघाले.

शेवटी मात्र फोनवर भागण्यासारखं नव्हतं. कोर्टात दाजींनी जातीने हजर राहायला हवं होतं. या वेळी मी बरोबर गेलो, खिडकीकडची जागा त्यांना दिली आणि स्वतः बाहेरच्या बाजूला बसलो. ते गाडीत कुणाशी बोलले नाहीत. कोर्टातलं काम सकाळीच उरकलं. सह्या झाल्या. बाहेर पायऱ्यांवर आम्ही तिघे उभे राहिलो. आमची गाडी दुपारची होती. ताईच म्हणाली, "जेवून जा." जवळच्या खानावळीच्या दारापर्यंत मी त्यांच्याबरोबर गेलो आणि कुणालातरी भेटायचं निमित्त काढून सटकलो. समोरच्या फुटपाथवर एका दुकानापाशी थांबलो. तिथून त्यांचं टेबल दिसत होतं. चौघांचं टेबल, पण जेवणाची वेळ व्हायची होती, गर्दी नव्हती, बाकीच्या दोन खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. दाजी मधून मधून दाराकडे बघतील असं मला वाटलं होतं. त्यांनी बघितलं नाही. ताई बोलत होती, ते ऐकत होते.

परतीच्या गाडीत बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत बसले. मग एकदम माझ्याकडे वळले.

"अरे, तिला कारलं आवडतं."

"हो, लहानपणापासून. आमच्याकडे दुसरं कुणी खायचं नाही, आई तिच्या एकटीसाठी करायची."

"आज खानावळीत होतं. दोनदा मागून घेतलं तिने." मग म्हणाले, "आमच्याकडे कारलं कधी झालंच नाही. पंक्तीत कुणा ना कुणाला चालायचं नाही की ते. तीही कधी बोलली नाही. आणि मला वाटायचं, तिला सगळंच आवडतं."

दौंड मागे पडलं. दाजी माझ्याजवळ सरकले आणि आवाज खाली आणून, साखरपुडा झालेला मुलगा होणाऱ्या मेहुण्याला संकोचत विचारतो तसं, त्यांनी विचारलं, "आणखी काय काय आवडतं रे तिला?"

मग मी आठवून आठवून सांगत राहिलो. तिला पाटीवरच्या पेन्सिलीचा वास आवडायचा. हिरवा रंग आवडतो, पण पोपटी नाही. दुपारी घरातले सगळे झोपले की पायरीवर एकटीने बसायला आवडायचं. दाजी एकेक गोष्ट ऐकत होते, आणि काही राहून जाऊ नये म्हणून मध्येच हात वर करून मला थांबवत, तीच गोष्ट स्वतःशी पुन्हा म्हणत, आणि मग म्हणत, "सरी, पुढे सांग."